नियमगिरीचा निवाडा

पूर्व घाटातील एका खडकाला भूशास्त्रात ‘खोंडालाइट’ असे नाव आहे. ज्या डोंगरांत हा खडक प्रथम अभ्यासला गेला तेथे कोंध या आदिवासी जमातीची वस्ती होती. इंग्रजी दप्तरात या जमातीचा उल्लेख ‘खोंड’ असा होई आणि त्यावरूनच विसाव्या शतकाच्या आरंभी खडकाचे हे नाव रूढ झाले. याच खडकाची कोट्यवधी वर्षे झीज होऊन पूर्व घाटाच्या माथ्यांवर बॉक्साइटचे थर तयार झाले. शास्त्राने ज्या लोकसमूहाचे नाव खडकाला दिले, त्याच लोकसमूहाला शंभर वर्षांनंतर त्या खडकाच्या डोंगरावर आपला काही अधिकार आहे किंवा नाही हे न्यायासनापुढे सिद्ध करावे लागले. नियमगिरीचा इतिहास हा या विसंगतीचा इतिहास आहे. एका कंपनीच्या खाणीला झालेला विरोध एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. डोंगर कोणाचा, आणि तो कोणाचा आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, असे दोन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

१. डोंगर आणि लोक

ओडिशाच्या रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची रांग पसरलेली आहे. वंशधारा आणि नागावली या नद्यांना मिळणारे अनेक ओढे तिच्या कुशीत उगम पावतात. बॉक्साइटचा थर सच्छिद्र असल्याने पावसाळ्याचे पाणी माथ्यावर मुरते आणि उन्हाळ्यातही झऱ्यांच्या रूपाने उतारावर झिरपत राहते. भूशास्त्रज्ञ ज्याला खनिजाचा साठा म्हणतात तोच डोंगरावरच्या माणसांच्या दृष्टीने पाण्याचा साठा आहे. या साठ्यातील धातुक काढून नेले तर पाणी धरून ठेवणारा थरही जातो. नियमगिरीच्या वादाचा भौतिक पाया एवढाच आहे, आणि तो समजण्यास फार मोठ्या शास्त्राची आवश्यकता नाही.

या रांगेत डोंगरिया कोंध राहतात. कोंध ही ओडिशातील एक मोठी जमात. तिच्या अनेक शाखांपैकी डोंगरावर राहणारी ही शाखा लहान आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची लोकसंख्या सुमारे आठ हजार होती, आणि शंभराहून अधिक पाड्यांतून ती विखुरलेली होती. शासनाने तिचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. त्यांची कुवी ही भाषा द्राविडी कुळातील असून गोंडीशी तिचे दूरचे नाते आहे. उतारावरील फिरती शेती, नाचणीसारखी भरड धान्ये, हळद, आले, केळी, अननस आणि फणस यांवर त्यांची उपजीविका चालते. डोंगरावरील फळे आणि हळद पायथ्याच्या आठवडी बाजारात येतात, तेथून मीठ, कापड आणि लोखंडी अवजारे वर जातात. स्त्रियांनी सुईने विणलेली नक्षीची शाल, ‘कपडागंडा’, हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा जगापासून तुटलेली आणि स्वतःत गुरफटलेली जमात असे जे चित्र पुष्कळदा रंगवले जाते ते खरे नाही. बाजाराशी त्यांचा संबंध जुना आहे. बाजारात काय न्यावयाचे आणि काय न्यावयाचे नाही याचा विवेकही तितकाच जुना आहे.

या विवेकाच्या मुळाशी नियमराजा आहे. नियमराजा हा डोंगराचा अधिष्ठाता देव, आणि नावाप्रमाणेच नियम घालून देणारा. डोंगराच्या माथ्यावर शेती करू नये, तेथील झाड तोडू नये, हा त्याचा दंडक. धरणी पेनू म्हणजे पृथ्वी आणि नियमराजा यांच्या उपासनेत ‘जानी’ हा पुरोहित आणि ‘बेजुणी’ ही देवाशी बोलणारी स्त्री यांचे स्थान महत्त्वाचे असते. या दैवतासाठी बांधलेले मंदिर नाही. डोंगर हेच त्याचे मंदिर. पुढे न्यायालयात जी अडचण उभी राहिली तिचे बीज येथेच आहे. मंदिराला भिंती असतात, म्हणून त्याच्या सीमा मोजता येतात. ज्या देवाचे देऊळ म्हणजे संपूर्ण डोंगर, त्याची जागा किती हेक्टर धरावी?

२. दप्तरातील कोंध

कोंधांची लेखी नोंद प्रथम इंग्रजी राजवटीने केली, आणि ती युद्धाच्या निमित्ताने केली. १८३५ मध्ये घुमसरच्या राजाकडील खंडणी थकल्याचे कारण होऊन कंपनीच्या फौजा डोंगरांत शिरल्या. १८३७ पर्यंत ही मोहीम चालली. तिच्यात अधिकाऱ्यांना कोंधांमधील ‘मेरिया’ या नरबळीच्या प्रथेचा पत्ता लागला. पुढील पाव शतकात या प्रथेचे निर्मूलन हे कोंध प्रदेशातील राज्यविस्ताराचे नैतिक समर्थन ठरले. १८४५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र ‘मेरिया एजन्सी’ स्थापन झाली. चक्र बिसोई याने या काळात दीर्घकाळ लढा दिला. नरबळीची प्रथा थांबली, तिची जागा रेड्याच्या बळीने घेतली, आणि ते इष्टच झाले. त्याबरोबर डोंगरांत कर, पोलीस आणि परक्यांची सावकारीही आली, हेही तितकेच खरे.

या काळातील मॅकफर्सन आणि कॅम्पबेल या अधिकाऱ्यांनी कोंधांविषयी सविस्तर लिहिले. मॅकफर्सनने त्यांच्या धर्मकल्पना नोंदवल्या, कॅम्पबेलने आपल्या मोहिमांचा वृत्तांत लिहिला. इतिहासकाराला या लेखनाचा उपयोग आहे. तथापि त्याचे एक लक्षण दृष्टिआड करता येत नाही. त्यात कोंध बोलतात, पण नेहमी दुभाष्याच्या मुखाने आणि अधिकाऱ्याच्या लेखणीने. प्रश्न अधिकाऱ्याचे असतात. उत्तरे त्या प्रश्नांच्या मापाने कापलेली असतात. कोंधांनी आपणहून काय सांगितले असते याची नोंद कोणी केली नाही.

विसाव्या शतकात भारतीय साहित्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. कोरापुट भागात शासकीय सेवेत असताना आदिवासी जीवन जवळून पाहिलेले गोपीनाथ महांती यांनी ‘परजा’ ही कादंबरी परजा जमातीविषयी, तर ‘अमृतर संतान’ कोंधांविषयी लिहिली. ‘अमृतर संतान’ला १९५५ मध्ये, म्हणजे साहित्य अकादेमीच्या पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, ओडिया भाषेसाठीचा पुरस्कार मिळाला. अहवालातील ‘जमात’ येथे प्रथम माणसांच्या रूपाने अवतरली. पण सहृदय झाला तरी कादंबरीकारही बाहेरचाच असतो. कोंधांचे स्वतःचे बोलणे राष्ट्राच्या अधिकृत कागदपत्रांत जसेच्या तसे यावे, हा प्रसंग त्यानंतर आणखी सहा दशकांनी यावयाचा होता.

३. बॉक्साइटचे अर्थकारण

पूर्व घाटातील बॉक्साइटचे साठे फार मोठे आहेत हे १९७० च्या दशकातील सर्वेक्षणांनी स्पष्ट झाले. १९८१ मध्ये नाल्को ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. कोरापुटमधील पंचपटमाळी येथे खाण आणि दामनजोडी येथे अ‍ॅल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी आदिवासी गावे उठली. शेजारच्या डोंगरांवरील लोकांच्या मनात खाणीविषयी जे मत तयार झाले ते या अनुभवातून. विस्थापितांपैकी किती जणांना नोकरी मिळाली आणि किती जण शहराच्या कडेला मजुरी करीत राहिले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

अ‍ॅल्युमिनियमच्या उत्पादनाची रीतही येथे ध्यानात घेतली पाहिजे. बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून अ‍ॅल्युमिना वेगळे काढतात. उरणारा तांबडा क्षारयुक्त गाळ मोठ्या तळ्यांत साठवावा लागतो. सुमारे दोन टन अ‍ॅल्युमिनापासून एक टन धातू मिळतो आणि त्यासाठी प्रचंड वीज लागते. म्हणून या उद्योगाबरोबर कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्रे आणि धरणे येतात. एका डोंगराचा माथा काढण्याचा प्रश्न वस्तुतः एका संपूर्ण साखळीचा प्रश्न असतो.

या साखळीला पहिला परिणामकारक विरोध गंधमार्दन पर्वतावर झाला. बाल्को या तेव्हाच्या सार्वजनिक कंपनीच्या खाणीविरुद्ध १९८० च्या दशकाच्या मध्यावर पश्चिम ओडिशातील आदिवासी आणि बिगर-आदिवासी एकत्र आले. नृसिंहनाथ आणि हरिशंकर ही पर्वताच्या दोन बाजूंची तीर्थक्षेत्रे, वनौषधींची संपत्ती आणि झऱ्यांचे पाणी हे त्यांच्या आग्रहाचे विषय होते. तो प्रकल्प बारगळला. रायगडा जिल्ह्यातील काशीपूर येथे मात्र निराळे घडले. बाफलीमाळी डोंगरावरील खाणीविरुद्ध १९९० च्या दशकापासून लोक उभे राहिले. १६ डिसेंबर २००० रोजी मैकंच या गावी पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी ठार झाले. नॉर्वेची भागीदार कंपनी २००१ मध्ये बाहेर पडली. पण प्रकल्प थांबला नाही आणि कालांतराने तेथे खाण आणि कारखाना दोन्ही सुरू झाले. नियमगिरीच्या लोकांपुढे हे दोन्ही दाखले होते.

४. कायद्याची वाटचाल

भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासी क्षेत्रांतील जमिनीच्या संरक्षणाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकलेली आहे. तथापि भूगर्भातील खनिज शासनाचे, वन शासनाचे, आणि ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी जमीन संपादन करण्याचा अधिकारही शासनाचा, या त्रिविध स्वामित्वापुढे अनुसूचीतील संरक्षण दीर्घकाळ निष्प्रभ राहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी या स्थितीत फरक पडला. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला परंपरा, रूढी आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्यास सक्षम मानले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘समता’ खटल्यात आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतील जमीन, मग ती शासकीय असली तरी, खाणकामासाठी खाजगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देणे अवैध ठरवले. अन्य राज्यांनी मात्र आपले जमीनविषयक कायदे वेगळे असल्याचे कारण देऊन हा निर्णय आपल्याला लागू मानला नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा २००६ च्या वनाधिकार कायद्याचा. वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला आहे अशी कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. वैयक्तिक कसणुकीच्या हक्काबरोबर सामूहिक वनसंपत्तीचा हक्क, आणि विशेष असुरक्षित गटांसाठी त्यांच्या अधिवासाचा हक्क त्याने मान्य केला. हक्कांच्या निश्चितीची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला. २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या कायद्याची अंमलबजावणी आणि ग्रामसभांची संमती यांचे पुरावे जोडल्याखेरीज वनजमीन अन्य कामासाठी वळवता येणार नाही असे राज्यांना कळवले. नियमगिरीचे भवितव्य पुढे या कागदावर अवलंबून राहिले.

५. लांजीगड

नियमगिरीच्या माथ्यावरील साठ्यात सात कोटी टनांहून अधिक बॉक्साइट असल्याचा अंदाज होता. त्याच्या आधारे पायथ्याशी लांजीगड येथे वर्षाला दहा लाख टन क्षमतेचा अ‍ॅल्युमिना कारखाना उभारण्याचा करार ओरिसा शासन आणि स्टरलाइट कंपनी यांच्यात झाला. वेदान्त ही तिची सहयोगी कंपनी. खाण शासनाच्या ओरिसा खनिकर्म महामंडळाने चालवावयाची आणि धातुक कारखान्याला पुरवावयाचे, अशी रचना होती. खाणीसाठी सुमारे ६६० हेक्टर वनजमीन हवी होती.

२००४ मध्ये कारखान्याला पर्यावरणविषयक परवानगी मिळाली. खाणीची परवानगी अद्याप मिळालेली नसताना कारखान्याचे बांधकाम झपाट्याने सुरू झाले आणि पायथ्याची काही गावे उठवण्यात आली. प्रफुल्ल सामंतरा आदी कार्यकर्त्यांनी या प्रश्नी सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीकडे दाद मागितली. सामंतरा यांना पुढे २०१७ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. समितीने सप्टेंबर २००५ च्या अहवालात खाणीस प्रतिकूल मत दिले. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यायालयाने वेदान्तला परवानगी नाकारली, परंतु स्टरलाइटला काही अटींवर पुन्हा अर्ज करण्याची मुभा दिली. त्या अटींत अनुसूचित क्षेत्राच्या विकासासाठी करपूर्व नफ्याचे पाच टक्के अथवा दरसाल दहा कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक ती देण्याची अट होती. ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने प्रकल्पाला पुढे जाऊ दिले. या साऱ्या व्यवहारात डोंगराची किंमत काय असावी यावर पुष्कळ चर्चा झाली. डोंगर विकावयाचा आहे काय, हा प्रश्न डोंगरावर राहणाऱ्यांना कोणी विचारला नव्हता.

त्यांनी तो आपणहून उपस्थित केला. नियमगिरी सुरक्षा समितीच्या झेंड्याखाली पाड्यापाड्यांतून सभा झाल्या, डोंगरावर जाणारी वाट अडवली गेली. लाडो सिकाका हे या लढ्यातील ठळक नाव. सिकाका, वडाका, कद्राका, पुसिका ही डोंगरिया कुळांची नावे या काळात देशभरच्या वृत्तपत्रांतून प्रथमच छापली गेली. लढ्याचे पडसाद परदेशांतही उमटले. नॉर्वे शासनाच्या निवृत्तिवेतन निधीने २००७ मध्ये आणि इंग्लंडच्या धर्मपीठाने २०१० मध्ये कंपनीतील आपली गुंतवणूक काढून घेतली. तथापि निर्णायक ठरले ते देशातलेच काम. केंद्र शासनाने नेमलेल्या एन. सी. सक्सेना यांच्या चौघा सदस्यांच्या समितीने ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल दिला. त्यात वनाधिकार कायद्याचे उल्लंघन आणि कारखान्याने सव्वीस हेक्टरांहून अधिक ग्रामवनावर केलेले अतिक्रमण नोंदवले होते. २४ ऑगस्ट २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वनजमीन वळवण्यास अंतिम मान्यता नाकारली. महामंडळाने या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

६. बारा सभा

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय काळजीपूर्वक वाचला पाहिजे, कारण त्याचे वर्णन पुष्कळदा त्याच्या आशयापेक्षा मोठे केले जाते. खनिजावरील शासनाचा अधिकार वनाधिकार कायद्याने हिरावला आहे असे न्यायालयाने म्हटले नाही; उलट तो अबाधित आहे असेच म्हटले. मात्र नियमराजाच्या उपासनेचा हक्क हा संविधानाने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि खाणीमुळे त्या हक्काला बाध येतो किंवा नाही हे ठरवण्याचे काम ग्रामसभेचे आहे, असा निर्वाळा दिला. तीन महिन्यांत ग्रामसभांनी निर्णय द्यावा, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने निरीक्षक म्हणून उपस्थित राहावे, आणि त्यानंतर मंत्रालयाने अंतिम निर्णय घ्यावा, अशी व्यवस्था झाली. अर्थात न्यायालयाने खाणीवर बंदी घातली नाही. त्याने प्रश्न योग्य दारी नेऊन सोडला.

सभा किती घ्यावयाच्या यावर मतभेद झाला. डोंगरावर आणि पायथ्याशी शंभराहून अधिक वस्त्या असता राज्य शासनाने केवळ बारा गावे निवडली: रायगड्यातील सात आणि कालाहांडीतील पाच. आदिवासी कार्य मंत्रालयाने या निवडीला आक्षेप घेतला, लोकांनीही घेतला. निवड बदलली नाही. १८ जुलै २०१३ रोजी सेरकापाडी येथे पहिली सभा झाली आणि १९ ऑगस्टला जरपा येथे अखेरची. त्यांच्या दरम्यान केसरपाडी, बातुडी, लाखपदर, खंबेसी, फुलडुमेर, इजुरुपा अशा गावांत सभा झाल्या. इजुरुपा तर अवघ्या एका कुटुंबाचे गाव, आणि तेही बिगर-आदिवासी. बाराही ग्रामसभांनी खाणीस एकमताने नकार दिला. इजुरुपाचाही निर्णय तोच होता.

या सभांचे ऐतिहासिक महत्त्व निकालापेक्षा त्यांच्या रीतीत आहे. न्यायाधीशांपुढे भर पावसाळ्यात, पोलिसांच्या बंदोबस्तात, स्त्री-पुरुष आपापल्या भाषेत उभे राहून बोलले. शासनाने पूजास्थळांसाठी डोंगरावरील लहान लहान तुकड्यांचे हक्क मान्य करण्याची तयारी दाखवली होती. लोकांनी ते तुकडे नाकारले. नियमराजाचे स्थान एखाद्या शिळेपुरते नसून अवघा डोंगर त्याचा आहे, या एकाच मुद्द्यावर ते ठाम राहिले. झरा कोठून येतो, कोणत्या ऋतूत कोणते कंद मिळतात, कोणत्या वाटेने देवाकडे जावयाचे, हे सारे त्यांनी पुरावा म्हणून सांगितले. मौखिक परंपरेला आजवर लोकसाहित्याच्या संग्रहात स्थान होते. येथे ती साक्ष ठरली. मॅकफर्सनच्या काळी अधिकाऱ्याच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे दप्तरात जात; या वेळी ठरावाचा मजकूर लोकांचा होता आणि शासनाला त्याचे उत्तर द्यावयाचे होते. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने खाणीचा प्रस्ताव अंतिमतः फेटाळला. महामंडळाने पुन्हा ग्रामसभा घेण्याची अनुमती मागितली, तीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये विचारात घेतली नाही.

७. निवाड्याच्या मर्यादा

नियमगिरीच्या विरोधकांचा युक्तिवाद बाजूला सारून चालणार नाही. १९८० च्या दशकात भूकबळींच्या वार्तांमुळे कालाहांडीचे नाव देशभर दारिद्र्याचे प्रतीक बनले होते. अशा जिल्ह्यात उद्योग आला तर रस्ते, रुग्णालये, शाळा आणि रोजगार येतील, हे म्हणणे केवळ कंपनीचे नव्हते; पायथ्याच्या गावांतील अनेकांची तशी प्रामाणिक अपेक्षा होती. या अपेक्षेला उत्तर देणे आवश्यक आहे. रुग्णालय आणि शाळा हा नागरिकाचा हक्क आहे. तो डोंगराच्या मोबदल्यात मिळावा अशी अट घालणे न्याय्य नाही. तसेच दामनजोडीपासून लांजीगडपर्यंतचा अनुभव असा की, कुशल कामाच्या जागा बाहेरच्यांकडे गेल्या आणि जमीन गमावलेल्यांच्या वाट्याला बहुधा हंगामी मजुरी आली.

दुसरी मर्यादा खुद्द निर्णयाच्या रचनेत आहे. नियमगिरी वाचली ती प्रामुख्याने देवामुळे. न्यायालयाला धर्माचा हक्क ओळखीचा होता, त्या वाटेने डोंगर न्यायाच्या कक्षेत आला. ज्या जमातीचे दैवत एखाद्या शिखराशी जोडलेले नाही, पण जिची शेती, पाणी आणि स्मशानभूमी त्या शिखराखाली आहे, तिने कोणत्या आधारावर नकार द्यावा? नकाराचा अधिकार उपासनेवर अवलंबून ठेवला तर तो अपुरा राहतो. उपजीविका आणि अधिवास हे त्याचे अधिक व्यापक आधार आहेत. कायद्याच्या अक्षरात ते आहेत, व्यवहारात अद्याप स्थिरावलेले नाहीत.

तिसरी मर्यादा काळाने दाखवली. लांजीगडचा कारखाना धातुकाच्या टंचाईने डिसेंबर २०१२ मध्ये बंद पडला होता. २०१३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, इतर ठिकाणांहून आणि परदेशांतून बॉक्साइट आणून चालला आणि विस्तारलाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात नियमगिरी सुरक्षा समितीचा संबंध माओवाद्यांशी जोडण्यात आला. समितीने तो आरोप नाकारला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनाधिकारांची पूर्तता केंद्राच्या मान्यतेपूर्वी तपासण्याचा दंडक सैल केला आणि ती जबाबदारी नंतरच्या टप्प्यावर राज्य शासनांकडे सोपवली. २०२३ मध्ये याच परिसरातील सिजीमाळी डोंगराचा बॉक्साइट साठा लिलावात वेदान्तकडे गेला. तेथील ग्रामसभांची संमती खरी की बनावट यावर वाद उभा राहिला आणि विरोध करणाऱ्यांना अटका झाल्या. एका डोंगराचा निवाडा शेजारच्या डोंगराला आपोआप लागू होत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे. माडिया गोंडांच्या सुमारे सत्तर गावांचा इलाखा त्याच्या यात्रेला जमतो. त्या डोंगरातील लोहखनिजासाठी २००७ मध्ये ३४८ हेक्टरांचा भाडेपट्टा दिला गेला. इलाख्यातील ग्रामसभांनी पेसा आणि वनाधिकार कायद्यांचा आधार घेऊन विरोध नोंदवला. एका बाजूला माओवाद्यांची हिंसा आणि दुसऱ्या बाजूला पोलिसांचा बंदोबस्त, या दोहोंच्या मध्ये ग्रामसभांचा आवाज ऐकू येणे कठीण झाले. २०२१ पासून तेथे खाणकाम मोठ्या प्रमाणावर सुरू आहे, आणि काही स्थानिकांना त्यातून रोजगारही मिळाला आहे. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांत स्थान मिळवले आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धती अनेक वर्षे चालवून दाखवली. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, एका गावाचा शब्द प्रमाण मानला गेला आणि दुसऱ्या इलाख्याचा मानला गेला नाही. ठाकुरदेव आणि नियमराजा यांच्यातील अंतर श्रद्धेचे नाही. एका ठिकाणी सभा भरवून तिचा निर्णय मानण्याची सक्ती न्यायालयाने केली. दुसऱ्या ठिकाणी तशी सक्ती कोणावर झाली नाही.

‘नियम’ हा शब्द नियमगिरीच्या कथेत दोन अर्थांनी वावरतो. एक नियम डोंगराच्या देवाने घालून दिलेला: माथ्यावरचे झाड तोडू नये. दुसरा नियम संसदेने केलेला: ग्रामसभेला विचारल्याखेरीज वन वळवू नये. पहिला नियम कोठेही लिहिलेला नव्हता, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. दुसरा राजपत्रात छापलेला होता, आणि त्याचे पालन व्हावे यासाठी आठ हजारांच्या एका जमातीला दशकभर झगडावे लागले. २०१३ च्या पावसाळ्यात हे दोन नियम एका महिन्यापुरते एकमेकांना भेटले, आणि त्यांच्यात विरोध नाही हे दिसून आले. राज्यसंस्थेने या भेटीला अपवाद मानावे की पायंडा, हे अद्याप ठरलेले नाही. सिजीमाळी आणि सुरजागड येथील लोक त्याच उत्तराची वाट पाहत आहेत.